पिकअप मागून पुन्हा पुन्हा बसते? पाटे खोलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी तुमच्या गाडीत दिसत असली तरी पुढचं सगळं वाचा, आणि तोवर पाटे (मागच्या चाकांवरचे, पोलादी पट्ट्यांच्या थराचे स्प्रिंग) खोलू नका.

– रिकामी गाडी सपाटीवर उभी असताना मागची बाजू दबलेली दिसते, किंवा मागचा एकच कोपरा खाली असतो.
– स्पीडब्रेकर उतरताना मागून ‘धाड’ आवाज येतो. पूर्वी हौदा भरलेला असतानाच यायचा, आता रिकाम्या गाडीतही येतो.
– रात्री लाईट लोवर असूनही समोरचे डिपर मारत राहतात.
– चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना खालून ‘टक्’ होतं, किंवा गाडी पाच-सात फूट थरथरत निघते.
– सरळ रस्त्यावर गाडी किंचित तिरकी चालते. हे तुम्हाला कळत नाही, मागून येणारा सांगतो.
– पावसात रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबला की मागची चाकं आधी घसरतात.
– पाटे ठोकून (म्हणजे त्यांना पुन्हा कमान देऊन) आणले, चार महिने बरं चाललं, आणि पुन्हा तेच.

त्या शेवटच्या लक्षणासाठीच हे लिहितोय. मी तळकोकणात गॅरेज चालवतो. आमच्याकडे फोर-बाय-फोर डिझेल पिकअप हौसेपेक्षा गरजेपोटी घेतली जाते. आंब्या-काजूच्या बागेकडे जाणारी लाल मातीची चढण पावसाळ्यात साधी गाडी चढत नाही, आणि चिरेखाणीतून भरून वर यायला लो रेशो (सावकाश पण जोरदार फोर-बाय-फोर गिअर) लागतोच. त्यामुळे मागून बसलेली पिकअप महिन्याला एखादी तरी दारात येते. आलेला माणूस म्हणतो, “पाटे ठोकून द्या,” नाहीतर “एक पाटा वाढवा.” अलीकडे तरुण मंडळींकडून तिसरंही ऐकू येतं: “मागून बसलीच आहे तर पुढूनही खाली घ्या, लेव्हल दिसेल.” या तिन्हींत गाडी बसली कशामुळे, हे कोणीच विचारत नाही. पाटा सहसा आपोआप बसत नाही, कशाने तरी बसतो. ते शोधायच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्यांना जवळपास काहीच खर्च नाही.

हे सगळं मागे पाटे असलेल्या पिकअपविषयी आहे. पुढे इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारखी कॉइल असेल, नाहीतर टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असेल, मागची गोष्ट तीच.

पहिलं काम: हवा आणि टेप

चारही टायरची हवा गाडी थंड असताना बघा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करा. एका बाजूची हवा कमी असली की गाडी कलते आणि माणूस पाट्यांना दोष देतो. टायरचा साईझ आणि झीजही बघून घ्या. फोर-बाय-फोरमध्ये मागे नवे आणि पुढे झिजलेले टायर घातले तर उंचीत थोडा फरक पडतोच, शिवाय फोर-हायला (चारही चाकांना जोर) टाकल्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) दोन वेगळ्या घेरांच्या चाकांमध्ये ओढला जातो.

मग उंची मोजा. चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, मिलिमीटरमध्ये, चारही चाकांवर. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायर मिसळतो. जागा खरोखर सपाट हवी. पेट्रोल पंपाचं काँक्रीट चालतं, घरापुढचं अंगण चालत नाही. मोजण्याआधी हौद्याच्या कडेवर भार देऊन मागची बाजू दोन-तीनदा दाबा, गाडी चार फूट पुढे-मागे ढकला आणि हँडब्रेक न ओढता उभी करा. पाटे एकमेकांवर घासत असतात, त्या घर्षणाने गाडी थांबली तिथेच थोडी अडकून राहते. एकाच गाडीचं माप त्यामुळे दहा मिलिमीटरने इकडचं तिकडे आलेलं मी पाहिलंय. तीनदा मोजा, सरासरी घ्या, आणि वहीत तारखेसकट लिहा. ही वही पुढे फार कामाला येते.

डाव्या-उजव्या बाजूत दहा मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी हात लावत नाही. डिझेलची टाकी एका बाजूला असते. सत्तर लिटर डिझेल म्हणजे अठ्ठावन्न-साठ किलो. फरक पंधराच्या वर गेला की कारण शोधायचं. मागच्या दोन्ही बाजू सारख्याच दबल्या असतील तर वजन किंवा थकलेले पाटे. एकच कोपरा दबला असेल तर तुटलेला पाटा, कातरलेला सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा), गेलेला बुश (पाट्याच्या टोकाच्या भोकातला रबरी भाग), नाहीतर एका बाजूला ठेवलेलं वजन.

हौद्यात कायमचं काय पडलंय?

हा तपास लोकांना पटत नाही. “गाडी रिकामीच असते हो,” असं म्हणतात, आणि हौद्यात लोखंडी पेटी, साखळदंड, जास्तीची स्टेपनी, वरची कॅनोपी आणि कोपऱ्यात दोन वर्षांची माती.

देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांची डबल कॅबिन आली होती. मागचा डावा कोपरा उजव्यापेक्षा ३२ मिलिमीटर खाली. वर्षभरात दोनदा दुसरीकडे पाटे ठोकून झाले होते, एकदा डाव्या बाजूला एक पाटा वाढवलाही होता. हौद्यात मागच्या डाव्या कोपऱ्यात फवारणीची दोनशे लिटरची टाकी, अँगलच्या फ्रेमवर वेल्डिंग करून पक्की बसवलेली, शेजारी पंप आणि होजपाइपचं भेंडोळं. मी विचारलं, “काका, टाकी रिकामी करता का?” ते म्हणाले, “हंगामात कशाला? दुसऱ्या दिवशी लागतेच.” म्हणजे मोहोर धरल्यापासून पुढचे दोन-तीन महिने ती गाडी रात्रंदिवस त्या कोपऱ्यावर भार घेऊन उभी होती.

काट्यावर नेऊन वजन केलं. पाणी, पंप, फ्रेम मिळून २६० किलो. खरी अडचण वजनापेक्षा जागेची होती. टाकी मागच्या ॲक्सलच्या साठ सेंटिमीटर मागे होती. गाडीचा व्हीलबेस साधारण ३.१ मीटर. टोकाला बसलेलं मूल सी-सॉची फळी कशी दाबतं, तसंच इथे होतं. २६० किलोचे मागच्या चाकांवर ३१० किलो पडतात आणि पुढची चाकं ५० किलोंनी हलकी होतात. लाईट आभाळात जाणं आणि स्टिअरिंग हलकं वाटणं, दोन्ही याच ५० किलोंमुळे. त्यात सगळा भार डाव्या पाट्यांवर.

टाकी कॅबिनच्या पाठीला लावून मधोमध बसवली, काम झालं की त्याच संध्याकाळी रिकामी करायची असं ठरलं, वाढवलेला पाटा काढला आणि डाव्या पाट्यांना कमान देऊन घेतली. फरक सातवर आला. चौदा महिन्यांनी मोजली तेव्हा नऊ होता.

म्हणून गाडी एकदा वजनकाट्यावर न्याच. पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन करा. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दोन्ही असतं. त्यांची वजाबाकी म्हणजे तुमची मर्यादा, आणि त्यातच माणसंही आली. डबल कॅबिनमध्ये पाच माणसं बसली की ती मर्यादा किती झपाट्याने संपते ते काटा दाखवतो. जांभ्याचा एक चिरा तीस किलोच्या आसपास असतो, पावसात भिजला की आणखी जड. चाळीस चिरे म्हणजे बाराशे किलो. वाळूचंही तसंच: एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, एक घनफूट वाळू पंचेचाळीस किलोच्या घरात, म्हणजे ‘पावच ब्रास तर आहे’ म्हणून टाकलेली वाळू अकराशे किलोंच्या वर जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. पण दंड झाला नाही म्हणून पाटे माफ करत नाहीत.

वजन हेच कारण निघालं तर पुढचं वाचायची घाई नको. वजन काढा, जागा बदला, आठ दिवस गाडी चालवा, पुन्हा मोजा. निम्मी प्रकरणं माझ्याकडे इथेच संपतात.

धुऊन, टॉर्च घेऊन, खाली वाकून

आधी मागची बाजू प्रेशरने धुऊन घ्या. आमच्याकडच्या लाल चिखलात तडा दिसतच नाही. गाडी चारही चाकांवर उभी असू द्या, जॅक लावू नका. पाट्यांवर भार असला की तडा उघडा राहतो.

बघायचं काय? पाट्यांच्या थराच्या कडेने टॉर्च फिरवत जा. तुटलेल्या पाट्याच्या जागी बारीक गंजाची रेघ खाली ओघळलेली असते, काजळ पसरावं तशी. तडा ताजा असेल तर गंज नसतो, उलट आतलं लोखंड चकाकतं. मेन (सगळ्यात लांब) पाट्याचा डोळा (टोकाचं गोल भोक), सेंटर बोल्टच्या अलीकडे-पलीकडे, आणि जिथे खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्याला टेकतं ती जागा, या तीन ठिकाणी नीट बघा. खालच्या पाट्याचं टोक वरच्यात खड्डा पाडतं आणि तिथूनच तडा सुरू होतो. पाट्यांना एकत्र धरणारी क्लिप तुटली असेल तर गाडी उसळताना पाटे पंख्यासारखे फाकतात आणि सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो.

एकही पाटा तुटलेला दिसला तर वेल्डिंगचा विचार मनातही आणू नका. पाट्याचं पोलाद कडक करून, मग ठरलेल्या उष्णतेला तापवून पुन्हा लवचीक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने त्या जागेचं पाणी उतरतं आणि पाटा शेजारीच तुटतो, बहुधा घाटात.

मग तिरकी चाल तपासा. पाट्याच्या पुढच्या पिनेपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ॲक्सल जागेवरून सरकलाय, आणि सेंटर बोल्ट कातरलाय असं समजा. ही गाडी पाटे बघून होईपर्यंत चालवू नका.

शॅकलही (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारा हलता दुवा) बघा. कमान सपाट झाली की पाटा लांब होतो आणि शॅकल मागे झुकते. रिकाम्या गाडीत दोन्ही शॅकलचा कल सारखा नसेल तर ज्या बाजूची जास्त झुकली तिकडचा पाटा बसलाय. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खाऱ्या हवेने शॅकलची पिन बुशमध्येच धरून बसते. मग पाटा मोकळा हलत नाही आणि धक्का सरळ हँगरवर (चासीवरच्या पाटा जोडायच्या ब्रॅकेटवर) जातो.

पाना हातात घेताना: यू-बोल्ट आणि बुश

आता थोडा वेळ लागेल, आणि एक सावधगिरीही. मागची चाकं उचलायची असतील तर लक्षात ठेवा, हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) गिअरही मागच्याच चाकांना. मागची बाजू उचलली की पुढची चाकं मोकळी, गाडी जॅकवरून पुढे सरकू शकते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा, गाडी फोर-हायला टाकून गिअरमध्ये ठेवा, हबलॉक (पुढची चाकं ड्राइव्हशी जोडणारे) असतील तर लॉक करा. चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरू नका. आणि गाडी घोडीवर असताना फोर-हायमध्ये इंजिन चुकूनही सुरू करू नका.

यू-बोल्टचं काम पाटे आणि ॲक्सल एक करून ठेवण्याचं. ते ढिले झाले की पाट्याचा मधला, न वाकणारा भाग वाकायला लागतो. सेंटर बोल्टच्या भोकाशी पाटा आधीच कमजोर असतो, तो तिथे तुटतो. नाही तुटला तर बोल्ट कातरतो. चढावर क्लच सोडताना होणारा ‘टक्’ बऱ्याचदा यू-बोल्टचाच असतो. तपासायला गाडी चाकांवर उभी ठेवून टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला, चारही नट तिरपे-तिरपे आवळा. अंदाजाने पाइप लावून आवळू नका, धागा ओढला जातो. एकदा खोललेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. तो ताणलेला असतो, नवा लागतो, आणि सबंध दुरुस्तीत स्वस्त हाच. नवे घातल्यावर पाचशे किलोमीटरने पुन्हा आवळायचे. पाटे परत बसलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या त्यांतल्या कितीतरी फक्त एवढं न केल्याने आल्या होत्या.

बुशबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक चांगले मिस्त्रीही करतात, आणि शिकत असताना मीही केली. रबरी बुशमध्ये रबर फिरत नाही, पिळलं जातं. पिनेचा बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी धरली जाते आणि त्यापुढची सगळी हालचाल रबराच्या पिळण्यावर होते. आता गाडी घोडीवर आहे, चाकं लोंबकळतायत, पाटे खाली लटकलेत, अशा वेळी बोल्ट पूर्ण आवळला तर? गाडी जमिनीवर उतरताच रबर आधीच पिळलेलं. पहिल्या आठवड्यात त्या पिळाने गाडी थोडी वर धरली जाते, गिऱ्हाईक खूश होतं. तीन महिन्यांत रबर फाटतं, उंची खाली येते, आणि माणूस म्हणतो पाटे पुन्हा बसले. एका गाडीचे पुढचे बुश काढले तेव्हा रबर पिनेभोवती पिळवटलेल्या धुण्यासारखं झालं होतं, आणि पाट्यांची कमान मात्र जशीच्या तशी. तेव्हा बोल्ट हाताने घालून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबा, आणि मगच आवळा.

बुश गेलाय हे ओळखायला पाट्याचा डोळा आणि हँगर यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवा. रबरात लवचीकपणा असावा, खडखड नसावी.

शॉकअप

बसलेल्या गाडीला नवे शॉकअप टाकून आलेले बरेच भेटतात. शॉकअप गाडी उचलून धरत नाही, ते फक्त उसळी आवरतं. गॅसच्या शॉकअपला थोडा जोर असतो, पण तीस मिलिमीटर बसलेली पिकअप त्याने वर येत नाही. शॉकअप ओलं, तेलाने माखलेलं असेल तर बदला, पण उंचीसाठी म्हणून नको. वीस किलोमीटर खडबडीत रस्त्यावरून आल्यावर दोन्हींना जपून हात लावून बघा. कोमट असेल ते काम करतंय, थंड आहे ते मेलंय.

दोष मागे की पुढे?

कधी कधी मागचा डावा कोपरा खाली दिसतो आणि खरा दोष पुढच्या उजव्या-डाव्यात असतो. यासाठी एक साधी युक्ती. सपाट जागेवर, चाकांना ठोकळे लावून, मागच्या डिफरेन्शियलच्या हाऊजिंगला मधोमध ट्रॉली जॅक लावा आणि मागची चाकं जेमतेम जमिनीवरून सुटतील इतकंच उचला. मॅन्युअलमध्ये हाऊजिंगला जॅक लावायला मनाई असेल तर हे करू नका. कोणीही गाडीखाली जायचं नाही, बाहेरूनच बघायचं. आता मागची बाजू एकाच बिंदूवर आहे, कल फक्त पुढच्या स्प्रिंग ठरवतात. पुढची दोन्ही मापं सारखी आली तर पुढचं ठीक, दोष मागे. फरक तसाच राहिला तर दोष पुढे आहे आणि मागचे पाटे विनाकारण शिव्या खातायत.

पुढे कॉइल असेल तर सगळ्यात खालचा वेढा तुटलाय का बघा. तो सीटमध्ये लपलेला असतो, चिखल काढल्याशिवाय दिसत नाही. कॉइल घरी काढू नका. दाबलेली कॉइल निसटली तर माणूस जायबंदी होतो.

टॉर्शन बार असेल तर ॲडजस्टिंग बोल्ट फिरवून उंची बदलता येते, आणि हीच सोय घात करते. मागून बसली म्हणून पुढून खाली घेतली की गाडी लेव्हल दिसते, पण आर्म (चाक धरणारा हात) बंप रबराच्या (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबराच्या) जवळ येऊन बसतो, टायर आतून खायला लागतो आणि मागचा तुटका पाटा तसाच राहतो. उलट पुढून फार वर घेतली तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, बूट फाटतो, त्यात लाल माती जाते आणि जॉइंट वाजायला लागतो. बोल्टला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचे उघडे धागे मोजून लिहून ठेवा, आणि नंतर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी सोडू नका.

पाटे खोलायची वेळ आली तर

वजन ठीक, यू-बोल्ट ठीक, बुश ठीक, तुटलेलं काही नाही, आणि तरी दोन्ही बाजू सारख्याच खाली. म्हणजे पाटे खरोखर थकलेत. तीन वाटा आहेत.

एक, कमान देऊन घेणं. थंड अवस्थेत, प्रेसवर किंवा हातोड्याने, टप्प्याटप्प्याने दिलेली कमान बरीच टिकते. गॅसच्या ज्वाळेने लाल करून वाकवलेली टिकत नाही, मग तो कितीही जुना पाटेवाला असो. त्याच्याकडे एक प्रश्न विचारा: “तापवून करता की थंड?” तापवून करत असेल तर नंतर तेलात विझवून पुन्हा पाणी द्यायची भट्टी आहे का, तेही विचारा. नसेल तर दुसरा गाठा. देवगडच्या गाडीसारखी एकच बाजू बसलेली नसेल तर दोन्ही बाजू एकदमच करा, एकट्या बाजूला कमान दिली तर गाडी उलटीकडे कलते.

दोन, एक पाटा वाढवणं. मी सहसा नाही म्हणतो. रिकाम्या गाडीत पाठ दुखेल इतकी कडक होते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, चासी आणि ॲक्सल तेवढेच राहतात. पाट्यांनी झेललं म्हणून चासी झेलेल असं नसतं. शेवटी हँगरपाशी चासीला तडा जातो.

तीन, कंपनीच्या मापाचे नवे पाटे, दोन्ही बाजूंचे, नव्या बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टसकट. मेन पाट्यात खड्डे असतील किंवा एकदा कमान देऊन झाली असेल तर सरळ हेच करा.

यातलं काहीही केलं तरी एका गोष्टीकडे लक्ष द्या. पुष्कळ पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासीवरून एक छोटी दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली दिसेल. गाडी जितकी खाली, तितकं वजन जास्त असं तो व्हॉल्व्ह समजतो आणि मागच्या चाकांना ब्रेक वाढवतो. म्हणून बसलेली रिकामी गाडी पावसात मागून घसरते. लक्षणांच्या यादीतलं ते लक्षण हेच. आणि पाटा वाढवून गाडी उंच झाली की उलट होतं. हौदा भरलेला असतानाही व्हॉल्व्हला गाडी हलकी वाटते, मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर. आंबोलीचा घाट भरून उतरताना हे नको. उंची बदलली की व्हॉल्व्हची सेटिंग करून घ्यायलाच हवी. ती दांडी तारेने बांधून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. तसं कोणी केलं असेल तर आजच सोडवा.

मुद्दाम खाली घ्यायची असेल तर

तरुण मुलं विचारतात म्हणून लिहितो. बहुतेक फोर-बाय-फोर पिकअपमध्ये पाटे ॲक्सलच्या वर असतात. तिथे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ब्लॉक टाकला तर गाडी खाली येत नाही, वर जाते. मग कोणीतरी पाटा काढायचा सल्ला देतो. डिझेल इंजिनचा कमी आरपीएमचा जोर आणि लो रेशो मिळून ॲक्सलला जो पीळ देतात, तो रोखायला हेच पाटे असतात. एक काढला की चढावर उरलेले पाटे ‘एस’सारखे वाकतात, पिनियनचं (ॲक्सलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) तोंड वर होतं, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि सेंटर बेअरिंग जातात. बंप रबर कापून जागा करणं तर अजिबात नको. ते नसेल तर ॲक्सल सरळ चासीवर आदळतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी तो पहिला निघतो. गाडी खाली दिसावी एवढ्यासाठी मी हे काम घेत नाही. आईवडिलांना चढता येत नाही म्हणून विचारणारे असतात, त्यांना चांगला फूटबोर्ड आणि खांबाला धरायची मूठ लावून देतो.

इथे थांबा

चासीला किंवा हँगरच्या वेल्डिंगपाशी तडा दिसला, तर हातातला पाना ठेवा. ते काम चासीचं वेल्डिंग जाणणाऱ्याचंच, शेजारच्या ग्रिलवाल्याचं नव्हे. ॲक्सल हाऊजिंग वाकलंय अशी शंका असेल (एकाच मागच्या चाकाचं बेअरिंग आणि सील वारंवार जातं, टायर एका कडेने खातो), तर अलाइनमेंटच्या मशीनवर मागची चाकंही मोजून घ्या. कॉइल काढणं, टॉर्शन बार काढणं, लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची सेटिंग, ही तिन्ही कामं गेज आणि योग्य हत्यारं असलेल्या वर्कशॉपमध्येच. सेंटर बोल्ट कातरलेली गाडी चालवत नेऊ नका, टोईंग करून न्या. वॉरंटीत असलेल्या गाडीचे पाटे बाहेर ठोकायलाही देऊ नका. आधी वहीतली मापं आणि काट्याची पावती घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. आकडे समोर ठेवले की बोलणं वेगळं होतं.

काम झाल्यावर त्याच दिवशी, त्याच पंपाच्या काँक्रीटवर, पुन्हा चारही मापं घ्या. नव्या किंवा कमान दिलेल्या पाट्यांची उंची पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये थोडी खाली येते, त्याने घाबरू नका. यू-बोल्ट पुन्हा आवळायला आणाल तेव्हा मोजा, तोच आकडा पक्का धरा, आणि हेडलाईटचं सेटिंगही त्याच दिवशी करून घ्या. मग दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर टेप लावा.